मामांना कुंडी नको, रान हवंय

ताई, नमस्कार.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वय ६७. मंगळवेढ्याजवळ आमची शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, नऊ एकर काळी जमीन आहे. एप्रिलमध्ये मामांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. सोलापुरात दवाखाना झाला, मग आम्ही मामांना आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चिंचवडला आमच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. रान आता धाकटे दीर बघतात. मामा काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं बरंच सुधारलंय, पण उजवा हात मिटलेलाच असतो. फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या की तोंड फिरवतात. मुठीत दाबायला दिलेला चेंडू परवा त्यांनी गॅलरीतून खाली फेकला.

बागकामाने असे पेशंट सुधारतात असं वाचलं म्हणून मी नर्सरीतून बारा कुंड्या आणल्या. मनी प्लांट, स्नेक प्लांट, जरबेरा. वाटलं, शेतकरी माणूस आहेत, खूश होतील. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, 'एवढ्याशा मातीत काय पिकतंय? पोरखेळ लावलाय.' तेव्हापासून गॅलरीचं दारच बंद ठेवायला लावतात. रात्री रडतात. जेवण निम्म्यावर आलंय. आत्या त्यांचं सगळं करतात, घाससुद्धा भरवतात. मिस्टर म्हणतात, हे थेरपी-बिरपी शहरी फॅड आहे, वर्षभरात आपोआप फरक पडेल. झाडांनी खरंच काही होतं का, की मी उगाच पैसे घातले? कुंड्या परत देऊ का?

— एक सून, चिंचवड

प्रिय सूनबाई,

आधी रात्रीच्या रडण्याबद्दल बोलते, कुंड्यांचं मग. तुम्ही ते दोन शब्दांत सांगून पुढे गेलात, पण माझी नजर तिथंच अडली. झटका आल्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. हात गेला, रान सुटलं याचं दुःख असतंच. शिवाय मेंदूला झालेल्या इजेमुळेही मन खचतं. काहींना तर मनात फारसं काही नसतानाही रडू फुटतं आणि आवरता आवरत नाही. हा आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध आहे. जेवण निम्म्यावर, व्यायामाला नकार, रात्रीचं रडणं, ही तिन्ही एकत्र दिसताहेत. तेव्हा या आठवड्यातच त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. 'आता जगून काय करू' असं काही त्यांच्या तोंडून आलं तर मात्र आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. रात्री-अपरात्री तुम्हालाच काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हे मी आधी सांगितलं कारण पुढे जे लिहिणार आहे ते या औषधोपचाराच्या आणि फिजिओथेरपीच्या जोडीला करायचं आहे. त्यांच्या जागी नाही.

आता तुमच्या मिस्टरांची शंका. ती रास्त आहे. झाडाझुडपांच्या नावाने बरंच काही खपवलं जातं, त्यामुळे नेमकं काय माहीत आहे ते सांगते. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. नुसत्या दिसण्याने एवढं. पुढे २०११ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. तिथे बाग करणाऱ्या ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं आणि मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला लावलं, निम्म्यांना घरात बसून वाचायला. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, बागेतल्यांचं जास्त. मन मात्र बागेतल्यांचंच पूर्वीसारखं झालं. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही पुनर्वसनाच्या कामात बागकामाचा वेगळा विभाग आहे.

पण हे दोन्ही अभ्यास छोटे आहेत आणि अर्धांगवायूवरचे नाहीत. मेथी पेरली म्हणून मिटलेली मूठ उघडते असं मी तुम्हाला सांगणार नाही. खात्रीने सांगता येईल ते एवढंच: झटक्यानंतर हात सुधारायचा तर तो पुन्हा पुन्हा, खऱ्या कामात वापरावा लागतो. न वापरलेला हात मेंदू हळूहळू विसरत जातो. आणि इथे मात्र तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला मान्य नाही. आपोआप फरक पडेल म्हणून वर्षभर थांबायचं नसतं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. मामांचे पाच महिने झाले. पुढेही सुधारणा होते, वर्षांनंतरही होते, पण हातावर हात ठेवून बसल्याने होत नाही.

मग प्रश्न उरतो तो हा की मामांनी तो हात का वापरावा? चेंडू दाबण्यासाठी? चेंडू फेकला ते मला समजतं.

मी गेली सव्वीस वर्षं व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते. सुरुवातीच्या काळात मी अगदी तुमच्यासारखीच वागले होते. साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, साठीच्या, उजवा हात असाच मिटलेला. मी त्यांच्यापुढे रोज प्लॅस्टिकचे रंगीत खुंटे आणि भोकांचा पाट ठेवायची. चार मिनिटं व्हायची आणि त्या हात मांडीवर ओढून घ्यायच्या. मी फाईलमध्ये लिहायची, 'सहकार्य करत नाहीत.' एके दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण मेथीची जुडी निवडत बसली होती, घाईघाईने, देठं पानांसकट तोडत. या बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग डाव्या हाताने ती जुडी त्यांनी आपल्याकडे ओढली. 'असं करतात व्हय?' डाव्या हाताने एकेक काडी उजव्या हातात द्यायची, उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट त्या काडीभोवती आवळायचं आणि डाव्याने पानं खुडायची. काडी निसटली की परत. बोटं थरथरत होती, नखांच्या कडा हिरव्या झाल्या होत्या. वीस मिनिटं मी घड्याळ बघत उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. जी चिमूट मी महिनाभर खुंट्यांवर मागत होते ती मेथीच्या काडीवर आली, कारण मेथी कशी निवडतात हे त्या बाईंना माझ्याहून जास्त कळत होतं.

त्या दिवसापासून मी पेशंटला आधी विचारते, तुम्हाला काय येतं?

तुमच्या मामांना काय येतं हे तुम्हाला माहीत आहे, सूनबाई, पण कुंड्या आणताना तुम्ही त्यांना विचारलं नाहीत. मनी प्लांट आणि जरबेरा ही तुमची आवड. त्यात चूक काही नाही, पण आयुष्यभर नऊ एकर शाळू पिकवणाऱ्या माणसापुढे ती ठेवली तेव्हा त्यांना ऐकू आलं ते हे: आता तुमच्याकडून एवढंच होणार. म्हणून दार बंद झालं. तो राग मला चांगला वाटतो. ज्याचं रानावरचं प्रेम मेलेलं असतं तो माणूस कुंडीवर चिडत नाही.

आनंदवन आठवा. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ ते सुरू केलं. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढंच गाठीशी होतं असं सांगतात. जमीन खडकाळ. बधिर हातांनी, झिजलेल्या बोटांनी त्या माणसांनी तिथे विहीर खणली आणि भाजीपाला पिकवला. सुरुवातीला त्यांची भाजी विकत घ्यायला लोक कचरायचे. तरी ती पिकत राहिली, कारण ती त्यांच्या पोटाची गोष्ट होती. कुणी त्यांच्या हातांना व्यायाम व्हावा म्हणून ती लावली नव्हती. तुमच्या मिस्टरांना हे सांगा. मातीत काम करून माणूस उभा राहतो हे आपल्या मुलखाला शहरांनी शिकवलेलं नाही.

आता काय करायचं ते. जरबेरा तुम्ही तुमच्यासाठी ठेवा, हवं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाकीच्या कुंड्या मैत्रिणींना देऊन टाका. गॅलरी रिकामी करा आणि मामांना काही सांगू नका. दिवसभरात तिथे थेट ऊन किती वेळ येतं ते बघून ठेवा.

आणि मग मामांना एक खरा प्रश्न विचारा. 'मामा, बादलीत शाळू येईल का?'

ते नाही म्हणतील. म्हणू द्या. का नाही, ते विचारा. माती किती खोल लागते, दोन रोपांत अंतर किती, घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, कशी ओळखायची. त्यांना वैतागून का होईना पण सांगावं लागेल, कारण या घरात हे फक्त त्यांना आणि आत्यांना माहीत आहे. शाळू बादलीत येतो. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली असेल तर ज्वारीची दोन ताटं, म्हणजे दोन रोपं, सहज येतात. भाकरीपुरता येणार नाही, हे मामांना आपल्याआधी कळेल. पण कणीस निसवेल, म्हणजे बाहेर पडेल, दाणा भरेल, आणि वेळेवर पेरला तर डिसेंबर-जानेवारीत एका घरापुरता चार घास हुरडा होईल. मालदांडी वाणच लावा. बी बाजारातून आणू नका, दीरांकडून घरचं मागवा. आणि एक पोतं घरच्या रानातली काळी माती.

बी मागवण्याचं खरं कारण सांगते. तुमचे मामा उभ्या आयुष्यात कितीदा चाड्यावर (पेरणीच्या अवजारावरच्या बी टाकायच्या तोंडावर) मूठ धरून चालले असतील! पाभरीच्या, म्हणजे त्या अवजाराच्या, मागे चालत, मुठीतलं बी बोटांच्या फटींतून एकसारखं सोडत जायचं. जास्त सुटलं तर दाट, कमी सुटलं तर खाडे पडणार. झटक्यानंतर हात मिटणं अनेकदा आपसूक येतं, अवघड असतं ते उघडणं, सावकाश सोडणं. म्हणून घट्ट मिटलेल्या हाताला सतत चेंडू दाबायला लावणं कितपत योग्य आहे हे तुमच्या फिजिओथेरपिस्टना एकदा विचारा. सगळ्यांना ते मानवत नाही. त्यांना असंही सांगा की मामा पाभर धरणारे आहेत. हे ऐकून चांगला थेरपिस्ट खुर्ची पुढे ओढून बसेल.

बादलीवर एक नरसाळं बसवा. डाव्या हाताने उजव्या मुठीत दहा-बारा दाणे भरायचे, मूठ नरसाळ्यावर न्यायची, अंगठा थोडा सैल करायचा. पहिल्या दिवशी सगळे दाणे एकदम पडतील किंवा एकही पडणार नाही. पडलेले वेचायचे. तो मोत्यासारखा गोल, गुळगुळीत दाणा चिमटीत धरणं हे माझ्या त्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांहून अवघड आणि शंभरपटीने चांगलं काम आहे. बादलीत दोनच ताटं राहणार असली तरी पेरायची दहा-बारा. पुढे विरळणीचं काम निघतं.

मातीचंही तसंच. काळी माती बादलीत नुसती भरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. निम्मी काळी माती, बाकी कोकोपीट आणि जुनं शेणखत, थोडी वाळू असं मिश्रण बरं पडतं. पण ते तुम्ही तयार करून ठेवू नका. वेगवेगळ्या घमेल्यांत त्यांच्यापुढे टेबलावर मांडा. वाफसा आहे का, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही ना, हे बघायला शेतकरी काय करतो? मूठभर माती घेऊन दाबतो, मूठ उघडतो आणि गोळा फुटतो का ते बघतो. हे त्यांना उजव्या हाताने करायला सुचवा. डाव्या हाताने उजव्याची बोटं उघडावी लागली तरी चालेल.

शाळूला चार महिने लागतात, आणि मामांना आत्ता या घडीला काहीतरी उगवलेलं दिसायला हवं आहे. म्हणून एका पसरट टबात डब्यातली मेथी पेरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती डोकं वर काढते, महिन्याभरात भाजीला येते. घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर हा टब त्याचा आणि मामांचा मिळून ठेवा. मुलाला शिकवताना माणूस स्वतःचा हात विसरतो.

थोडं जपण्याबद्दल सांगते. हे कंटाळवाणं वाटलं तरी वाचा, कारण उत्साहाच्या भरात इथेच अपघात होतात. मामांनी खुर्चीत बसूनच काम करायचं. खुर्ची हातांची आणि न सरकणारी, तळवे जमिनीवर टेकलेले, काम टेबलाच्या उंचीवर, उजवा हात कोपरापासून टेबलावर टेकलेला. उजव्या दंडाला धरून त्यांना कधीही उठवू नका किंवा ओढू नका, झटक्यानंतर तो खांदा कमकुवत असतो आणि सहज दुखावतो. उजव्या हाताला स्पर्श कमी कळत असेल तर काटा रुतलेला, खुरपं लागलेलं त्यांना समजणारही नाही, म्हणून काम झालं की हात धुऊन दोन्ही बाजूंनी तुम्ही एकदा बघायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर छोटी जखमही जास्त वाहते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते डॉक्टरांना विचारून घ्या. त्या गोळ्या वॉर्फरिनच्या प्रकारातल्या असतील तर मेथी-पालकासारख्या पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, एकदम वाढवायचं नाही. तेही डॉक्टरांना सांगूनच.

वेळ सकाळची. ऑक्टोबरचं ऊन बाधतं, तेव्हा नऊपर्यंत आटपायचं. सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. झटक्यानंतरचा थकवा आपल्याला दिसत नाही इतका खोल असतो. फरशी ओली झाली की लगेच पुसायची. कठड्यावर काहीही ठेवायचं नाही आणि गॅलरीत मामांना एकटं सोडायचं नाही. भिजलेल्या मातीची एक बादली तीस किलोच्या पुढे जाते, म्हणून चारच ठेवा, भिंतीलगत, आणि बादल्यांच्या बुडाला भोकं पाडायला विसरू नका. खालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. तिथे डेंग्यूच्या डासाची अंडी होतात. ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी केलीच पाहिजे. कबुतरं येत असतील तर जाळी लावून घ्या. त्यांची विष्ठा फुप्फुसांना वाईट असते, वाळलेली झाडूने उडवू नका, ओली करून, तोंडाला मास्क लावून पुसा. सुकं खत हाताळतानाही मास्क असू दे.

आणखी एक. तुम्ही गॅलरीत काही लावताय हे कळलं की कुणीतरी गुळवेलीची काडी घेऊन येईल आणि रोज काढा द्या म्हणेल. प्रेमापोटीच सांगतात, पण मामांना गोळ्या चालू आहेत. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. डॉक्टरांना न विचारता कुठलाच काढा नको.

गॅलरीत चार-पाच तास थेट ऊन येत नसेल तर शाळू निसवणार नाही. मग सोसायटीला विचारून गच्चीवर चार बादल्या ठेवायची परवानगी मिळते का बघा. लिफ्ट असेल तर रोज गच्चीवर जाणं हाच मामांचा चालण्याचा व्यायाम होईल.

पोटरीत आल्यावर, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असताना, शाळू वाऱ्याने लोळतो. सहाव्या मजल्यावर वारा जास्त, ताट माणसाच्या उंचीच्या पुढे जातं, तेव्हा बांधावं लागेल. कसं बांधायचं, तेही मामांनाच विचारा. दाणा भरायला लागला की चिमण्या येतील. तेव्हा राखणीला कुणीतरी बसायला हवंच. सकाळची उन्हं अंगावर घेत खुर्चीत बसून पाखरं हाकणं हे तुमच्या घरात फक्त मामांनाच जमणारं काम आहे. बाकी सगळे तेव्हा डबे भरत असतात.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. 'आत्या त्यांचं सगळं करतात, घाससुद्धा भरवतात.' मामांचा डावा हात चांगला आहे. डाव्या हाताने चमच्याने त्यांना जेवता येईल. सांडेल, वेळ लागेल, पण येईल. भरवलेला प्रत्येक घास त्यांना सांगत राहतो की तुम्ही आता कामाचे नाही. हे मी आत्यांना दोष द्यायला म्हणत नाही. उलट तुमच्या पत्रात आत्यांबद्दल एवढी एकच ओळ आहे याने मी अस्वस्थ झाले. रान एकट्या मामांचं सुटलेलं नाही. आत्याही त्याच मातीत खुरपलं, काढलं, मोडलं, मळलं असं करत म्हाताऱ्या झाल्या. त्यांनाही कुणी न विचारता सहाव्या मजल्यावर आणलंय, आणि त्यांच्याकडे करण्यासारखं उरलं आहे ते एकच काम, मामांचं करणं. म्हणून त्या ते इतकं घट्ट धरून बसल्या आहेत. चारातल्या दोन बादल्या आत्यांच्या ठेवा. पेरणीच्या दिवशी मूठ दोघांनीही धरायची. कुणाचा शाळू आधी निसवतो यावर दोघं भांडायला लागली तर मध्ये पडू नका.

दीरांशी रोजचा फोन ठरवून घ्या, चालत असेल तर व्हिडिओवर. त्यांनी रानातून फोन करायचा आणि काहीतरी खरं विचारायचं. कुठल्या तुकड्यात हरभरा टाकू, पाणी कधी देऊ, पाभर कधी घालू. विचारून मग स्वतःच्या मनाने करायचं नाही. मामांचा निर्णय मोडायचा असेल तर तसं त्यांना सांगून, वाद घालून मोडायचा. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर पुढे एकदा त्यांना गावी नेऊन बांधावर खुर्ची टाकून बसवा.

एखादं रोप मरेल. मामांनी दुष्काळात उभं पीक जळताना पाहिलं असेल, एका बादलीने ते मोडणार नाहीत. पण तुम्ही गुपचूप दुसरं रोप आणून तिथे लावू नका. त्यांच्या लगेच लक्षात येईल, आणि मग तो पुन्हा पोरखेळ होईल. अळी पडली तर त्यांना दाखवा. पान हातात देऊन विचारा, हे काय आहे?

आणि तुमच्याबद्दल. पाच महिने तुम्ही घर, दवाखाना, दोन वडीलधारी माणसं सांभाळताय आणि पत्रात स्वतःबद्दल लिहिलंत ते फक्त 'उगाच पैसे घातले का.' नाही घातलेत. बारा कुंड्यांनी तुम्हाला एवढं कळलं की मामांना काय नको आहे. सकाळची ती पंधरा मिनिटं आठवड्यातले निम्मे दिवस मिस्टरांनी बसायचं असं ठरवून टाका. शंका त्यांना आहे, तर बघणारेही तेच असू देत.

शाळू पेरायचा तो हस्त नक्षत्रावर. ते २७ सप्टेंबरच्या आसपास लागतं, आणि आज सप्टेंबरचा पहिला आठवडा आहे. तेवढ्यात माती यायची आहे, बादल्यांना भोकं पडायची आहेत, उन्हाचा अंदाज घ्यायचा आहे. दीरांना आज रात्रीच फोन लावा आणि लागला की मामांच्या हातात द्या. कुठल्या कणगीतलं बी काढायचं ते त्यांनाच सांगू दे.

तुमची,
ताई